अलेक्झांडर आणि जुनिपर: ओकालाच्या झऱ्यांवर पोहणं, वल्हवणं आणि मुक्काम

अमेरिकेत फ्लोरिडातल्या ओर्लँडोहून गाडीने तास-सव्वा तासात ओकाला नॅशनल फॉरेस्ट लागतं. १९०८ साली राखीव झालेल्या या जंगलात अलेक्झांडर, जुनिपर, सॉल्ट आणि सिल्व्हर ग्लेन असे चार मोठे झरे लोकांसाठी खुले आहेत. पोहणं, होडी आणि तंबू हे तिन्ही एकाच वीकेंडला जमवायचं असेल तर मुक्काम अलेक्झांडरवर ठोका, पहिला दिवस तिथेच घालवा आणि जुनिपरचा ओढा दुसऱ्या दिवशी वल्हवा. बरेच जण जुनिपरचे फोटो पाहून थेट तिकडे जातात आणि आयुष्यात पहिल्यांदा वल्हं हातात घेऊन जंगलातल्या सात मैलांच्या अरुंद ओढ्यात उतरतात. त्या ओढ्याला मधून बाहेर पडायची वाट नाही, त्यामुळे वल्हं वळवायची सवय आधी अलेक्झांडरच्या संथ, रुंद पाण्यात करून घ्यायला हवी.

पाणी कसं आहे

वज्रेश्वरी-गणेशपुरीमुळे झरा म्हटलं की आपल्याकडे अनेकांना गरम पाणी आठवतं. भारतातून आलेल्या आई-बाबांना नेणार असाल तर आधीच सांगा, हे पाणी गार आहे. चुनखडीच्या थरांतून वर येणाऱ्या या पाण्याचं तापमान बारा महिने साधारण ७२ अंश फॅरनहाइट, म्हणजे २२ अंश सेल्सिअस असतं. अलेक्झांडर हा पहिल्या श्रेणीचा झरा आहे. या श्रेणीसाठी सेकंदाला किमान १०० घनफूट, म्हणजे जवळपास २,८०० लिटर पाणी बाहेर पडावं लागतं.

२२ अंश ऐकायला फार वाटत नाहीत, पण शरीराची उष्णता हवेपेक्षा पाण्यात कितीतरी वेगाने जाते. पहिल्या दहा मिनिटांत मजा वाटते, मग हळूहळू बोटं बधिर होतात. मुलं, त्यातही अंगाने बारीक असलेली, मोठ्यांच्या आधी गारठतात आणि खेळाच्या नादात सांगत नाहीत. ओठ निळसर दिसले किंवा दात वाजू लागले की बाहेर काढा. त्याच्याही आधी, वीस-पंचवीस मिनिटांनी एकदा बाहेर बोलवून टॉवेलमध्ये गुंडाळा आणि खायला द्या. अर्ध्या बाह्यांचा दोन-तीन मिलिमीटरचा वेटसूट (ऊब धरणारा रबरी पोहण्याचा पोशाख) असेल तर वेळ जास्त मिळतो.

दुसरी फसगत खोलीची. पाणी इतकं नितळ की तळ हाताशी आल्यासारखा वाटतो. प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे वरून पाहताना खोली खऱ्याच्या तीन चतुर्थांशच दिसते: नऊ फूट वाटतं तिथे बारा असतात. ज्याला पोहता येत नाही त्याने डोळ्यांच्या अंदाजावर पुढे जाऊ नये. अलेक्झांडरचा वाळूचा उतार हळूहळू खोल होतो, म्हणून लहान मुलांसाठी तो चारही झऱ्यांत सर्वांत सोयीचा. पण मध्यभागी, जिथून पाणी उसळतं तिथे, खोली सुमारे पंचवीस फूट आहे. जीवरक्षक नसतो. एका मोठ्या माणसाने फक्त पाण्याकडे लक्ष ठेवायचं, फोन बाजूला ठेवून, आणि दर अर्ध्या तासाने पाळी बदलायची.

मास्क आणि स्नॉर्केल (तोंड पाण्यात ठेवून श्वास घ्यायची नळी) जरूर न्या, कारण खरी गंमत पाण्याखाली आहे. उसळीजवळ वाळूचे कण नाचताना दिसतात आणि लांबट पाण्याच्या गवतातून माशांचे थवे फिरतात. त्या गवतावर उभं राहू नका, ते मुळासकट उपटलं जातं. बुडी मारण्याआधी धापा टाकल्यासारखे भराभर खोल श्वास घेऊ नका. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, श्वास घेण्याची निकड जाणवत नाही आणि माणूस पाण्याखालीच बेशुद्ध होऊ शकतो. उसळीकडे खाली जाताना दर तीन-चार फुटांवर नाक दाबून कान मोकळे करा. दुखलं तर लगेच वर या.

डोक्याला तेल आणि अंगाला सनस्क्रीन चोपडून पाण्यात उतरू नका, सगळा तवंग झऱ्यावर येतो. लांब बाह्यांचा रॅशगार्ड (पोहण्याचा अंगाबरोबरचा सदरा) आणि लेगिंग्ज घातल्या की उन्हाचा प्रश्न बराचसा सुटतो. साडी किंवा सुती सलवार-कुर्त्यावर पाण्यात उतरायचा बेत असेल तर तो सोडा, भिजल्यावर कापड जड होतं आणि पायात गुंतून पाय मारू देत नाही.

कधी जायचं, जागा कशी मिळवायची

ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च-एप्रिल हे सर्वांत चांगले महिने. उन्हाळ्यात गर्दी आणि दुपारची वादळं दोन्ही असतात. शनिवार-रविवारी पार्किंग भरलं की गेट बंद होतं, मग आधीच्या गाड्या बाहेर पडेपर्यंत तिष्ठत बसावं लागतं. म्हणून सकाळी आठच्या आसपास गेटवर असा. जानेवारीत रात्री थंडी पाच अंशांपर्यंत उतरू शकते. पाणी तेव्हा हवेपेक्षा उबदार लागतं, परीक्षा होते ती बाहेर येताना.

तंबूची जागा रिक्रिएशन डॉट गव्ह या संकेतस्थळावर आरक्षित होते. सुट्ट्यांच्या वीकेंडसाठी सहा महिने आधीपासून लक्ष ठेवावं लागतं. अलेक्झांडर आणि जुनिपर दोन्हीकडे तंबूच्या जागेवर वीज नाही. ज्यांना झोपताना सीपॅप (श्वासाला मदत करणारं) मशीन लागतं किंवा ज्यांच्याकडे मोठी आरव्ही, म्हणजे राहायची सोय असलेली गाडी आहे त्यांनी सॉल्ट स्प्रिंग्ज पाहावं, तिथे विजेच्या जोडण्या आहेत. मोबाइलची रेंज भरवशाची नाही. आरक्षणाचा कागद, नकाशा आणि परतीचा रस्ता आधीच फोनमध्ये उतरवून घ्या.

तंबू आणि अस्वलं

इथली जमीन म्हणजे वाळू. तंबूसोबत येणाऱ्या सहा-सात इंची बारीक मेखा वाऱ्याच्या पहिल्या झोतात उपटतात. दहा-बारा इंची, रुंद पात्याच्या वाळूतल्या मेखा घ्या. नसतील तर कापडी पिशवीत वाळू भरून तिला दोरी बांधा आणि ती फूटभर खोल पुरा, धड मेखेपेक्षा तीच घट्ट धरते. खाली अंथरायची ताडपत्री तंबूच्या कडेबाहेर येऊ देऊ नका, नाहीतर पाऊस तिच्यावर साचून आत शिरतो. तंबू लावण्याआधी मान वर करून पाहा: वाळलेली फांदी डोक्यावर असेल तर जागा बदला. आकाश निरभ्र असलं तरी वरचं आवरण घालाच, हिवाळ्यात पहाटेचं दव तंबू चिंब करतं.

फ्लोरिडातल्या काळ्या अस्वलांची सर्वांत दाट वस्ती ओकालातच आहे. अस्वल माणसामागे येत नाही, वासामागे येतं, आणि आपल्या जेवणाला वास भरपूर. तूप, लोणचं, मसाल्याचा डबा, फोडणीची कढई, रात्रीचा कुकर यांतलं काहीही बाहेर ठेवायचं नाही. टूथपेस्ट, साबण आणि डोक्याचं तेलही त्यातच धरा. सगळं काचा बंद केलेल्या, पक्क्या टपाच्या गाडीत किंवा अस्वल उघडू शकणार नाही अशा पेटीत ठेवा. साधा कूलर म्हणजे अशी पेटी नव्हे. तंबूत खाण्याची एक वडीसुद्धा नेऊ नका. उरलेला भात झाडाखाली टाकणं किंवा पुरणं हीच इथली सर्वांत मोठी चूक, कारण एकदा चव लागलेलं अस्वल परत येतं आणि शेवटी त्यालाच जिवानिशी जावं लागतं.

जळाऊ लाकूड घरून आणू नका, जवळच विकत घ्या. लाकडातल्या किड्यांमार्फत झाडांचे रोग पसरतात. रेडबे जातीची झाडं अशाच एका भुंगेऱ्याने आणलेल्या बुरशीने मोठ्या प्रमाणावर मेली आहेत.

डास आणि गोचिडी आहेतच. पर्मेथ्रिन हे कीटकनाशक कपड्यांवर आणि बुटांवर, आदल्या दिवशी फवारून वाळवा; अंगाला लावू नका. अंगाला डीट (डास पळवणारं औषध) लावलं असेल तर पोहण्याआधी शॉवरखाली धुऊन टाका.

पहिला दिवस: अलेक्झांडरवर सराव

कनू, म्हणजे वरून उघडी, लांबट, वल्ह्याची होडी, तिथेच भाड्याने मिळते. पुढच्या माणसापेक्षा मागचा थोडा जड हवा, आणि सामान मध्ये, तळाशी. पुढच्याने लय धरायची, मागच्याने दिशा. सरळ जाण्यापेक्षा वळायला शिकायचं आहे, म्हणून दोन गोष्टी घोटा. पहिली: वल्हं बाजूला लांब टाकून पाणी स्वतःकडे ओढणं, त्याने होडीचं ते टोक त्या बाजूला सरकतं. दुसरी: उलटं वल्हवून होडी थांबवणं. या दोन्ही न बघता जमेपर्यंत जुनिपरला जाऊ नका.

ओढ्यातून खाली जाऊन परत यायचं असेल तर ठरवलेल्या वेळेचा एक तृतीयांश संपला की वळा. येताना पाणी विरुद्ध असतं आणि हात दमलेले असतात.

ओढ्यात ॲलिगेटर (मगरीच्या जातीचे प्राणी) दिसतील. अंतर ठेवा, होडी न थांबवता पुढे जा. पोहायचं ते आखलेल्या जागेतच आणि दिवसाउजेडी; संध्याकाळ ते पहाट ही त्यांच्या शिकारीची वेळ. दाट गवताच्या काठावर लहान मुलांना खेळू देऊ नका. ॲलिगेटरना खायला घालणं कायद्याने गुन्हा आहे.

दुसरा दिवस: जुनिपरचा ओढा

हा ओढा १९८४ साली घोषित झालेल्या जुनिपर प्रेअरी वाइल्डरनेस या संरक्षित रानातून जातो. सात मैलांना चार ते पाच तास लागतात, पडलेल्या झाडांनी अडवलं तर जास्त. सकाळी दहाच्या आत निघा.

निघताना सामान तपासलं जातं. दारूला आणि एकदा वापरून फेकायच्या खाण्या-पिण्याच्या वस्तूंना मनाई आहे: प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्या, कॅन, झिपलॉक, चिप्सची पाकिटं, सगळं. इथे आपला स्टीलचा डबा कामी येतो. थेपले, तिखटमिठाच्या पुऱ्या, गूळपोळी असं रस्सा नसलेलं काहीतरी डब्यात भरा, पाणी धातूच्या बाटलीत माणशी दोन लिटर. क्लिपच्या झाकणाचा डबाही होडी उलटली की उघडतो. तो ड्रायबॅगमध्ये (पाणी आत न शिरणाऱ्या पिशवीत) घालून, ड्रायबॅग होडीच्या आडव्या दांडीला बांधा.

प्रत्येकाला मापाचं लाइफ जॅकेट आणि होडीत एक शिट्टी हवी. फ्लोरिडात सहा वर्षांखालच्या मुलाने चालत्या लहान होडीत जॅकेट घातलेलंच असावं लागतं. या ओढ्यात ते मोठ्यांनीही अंगावरच ठेवावं. पायात मागून पट्टा असलेले सँडल घाला, चपला चिखल ओढून घेतो. स्वतःची कयाक (दोन पात्यांच्या वल्ह्याची अरुंद होडी) नेणार असाल तर बारा फुटांपेक्षा आखूड न्या, लांब कयाक या वळणांत फिरतच नाही.

पहिले दोन-तीन मैल सर्वांत अवघड. ओढा काही ठिकाणी होडीच्या लांबीपेक्षाही अरुंद होतो. वळणावर प्रवाह बाहेरच्या काठाकडे ढकलतो आणि पडलेली झाडं नेमकी तिथेच अडकलेली असतात. म्हणून वळणाच्या आधीच उलटं वल्हवून वेग कमी करा, टोक आतल्या काठाकडे ठेवा आणि मग वळा. वळणात शिरल्यावर वळायला लागलात तर उशीर झालेला असतो.

फांदी समोर आली की पुढे वाका. तिला हाताने धरू नका: तुम्ही थांबता, होडी पुढे जाते आणि दोघंही पाण्यात पडता. होडी आडवी होऊन ओंडक्यावर आदळलीच, तर मन मागे झुकायला सांगतं, पण झुकायचं ओंडक्याकडे. मागे झुकलात की प्रवाहाकडची कड खाली जाते, पाणी आत शिरतं आणि होडी क्षणात भरते. उलटलात तर घाबरू नका, बहुतेक ठिकाणी पाणी कमरेएवढंच आहे. फक्त होडी आणि ओंडका यांच्या मध्ये उभे राहू नका. पाण्याने भरलेली कनू कित्येकशे किलोंची होते आणि प्रवाह तिला दाबतच राहतो.

हाफवे लँडिंगला उतरून जेवा. त्यानंतर ओढा रुंद होतो, सावली संपते, समोरून वारा येतो आणि ॲलिगेटर जास्त दिसतात. या टप्प्यासाठी दम शिल्लक ठेवा, टोपी आणि अर्धं पाणी राखून ठेवा. जून ते सप्टेंबरमध्ये ढग याच वेळी भरतात. गडगडाट ऐकू आला की जवळच्या सखल काठावर चढा, एकट्या उंच झाडापासून दूर बसा आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं पाण्यात उतरू नका.

शेवट स्टेट रोड १९ च्या पुलापाशी. तिथेच बाहेर पडा, पुढे ओढा थेट लेक जॉर्जकडे जातो. परतीच्या वाहनाची शेवटची वेळ सकाळीच विचारून ठेवलेली असावी. भाड्याची कनू असेल तर वल्ही, जॅकेटं आणि गाद्या मोजून द्या. गाडीत बसण्याआधी गुडघ्यामागे, काखेत आणि मुलांच्या केसांत गोचिडी तपासा. सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा, चिरडू नका, आणि पुढच्या काही आठवड्यांत ताप किंवा पुरळ आलं तर डॉक्टरांना ती चावल्याची तारीख सांगा.