जुनी इलेक्ट्रिक गाडी घेताना काय काय तपासायचं

गोव्यात डिचोलीला माझं गॅरेज आहे. हयात इंजिनं उघडण्यात गेली, पण हल्ली गिऱ्हाईक विचारतं ते इलेक्ट्रिकचं: "पात्रांव (म्हणजे मालक), सेकंडहँड मिळतेय, घेऊ?" इलेक्ट्रिक बरी की पेट्रोल, यावर हिरीरीनं भांडणारे पुष्कळ आहेत. समोर उभी असलेली गाडी घ्यावी की नाही, हे त्या भांडणातून कळत नाही. ते तपासूनच कळतं, आणि निम्मी तपासणी तुमची तुम्हाला करता येते.

आधी भाव. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. इलेक्ट्रिकवर तो 5 टक्केच राहिला. म्हणजे नवी पेट्रोल गाडी स्वस्त झाली आणि दोन्हींच्या करातलं अंतर घटलं. विकणारा जुनं बिल पुढे करेल, त्याकडे बघू नका. तसलीच नवी गाडी आज केवढ्याला मिळते, तिथून भाव धरा.

मग गाडी कोणाच्या हातात होती ते काढा. आपल्याकडे हे फार महत्त्वाचं. जानेवारी 2024 पासून नव्या पर्यटक गाड्या इलेक्ट्रिकच असतील, असं मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी 2023 मध्ये जाहीर केलं होतं. भाड्यानं फिरलेली गाडी तुमच्यापुढे आली तर ती रोज फास्ट चार्जरवर लागली असण्याची शक्यता जास्त, आणि सतत फास्ट चार्जिंग बॅटरीला मानवत नाही. आरसीवर आधीचा वापर आणि मालक किती झाले ते बघा. नंतर सर्व्हिसचे कागद मागा. कागद नाहीत म्हणाला तर भाव पाडा, नाहीतर सोडून द्या.

आता बॅटरी. गाडीची खरी किंमत हिच्यात आहे, म्हणून इथं घाई नको. डिस्प्लेवर "रेंज 210" दिसली म्हणून भुलू नका. तो आकडा मागच्या चालवण्यावरून काढलेला अंदाज असतो. मी करतो ते असं. मालकाला आदल्या रात्री घरच्या चार्जरवर गाडी शंभर टक्के भरायला सांगतो. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटचे सेल असतात. त्यांचं व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ हलत नाही, त्यामुळे पूर्ण भरल्याशिवाय टक्केवारी भरवशाची नसते. सकाळी ट्रिप मीटर शून्यावर आणायचा आणि निघायचं. डिचोली, साखळी, म्हापसा, पणजी, फोंडा असा वळसा घ्यायचा, एसी लावून, नेहमी चालवतो तशीच. चाळीस टक्के उरले की थांबून दोन आकडे टिपायचे: किलोमीटर आणि सरासरी वापर, म्हणजे किलोमीटरमागे किती वॅट-अवर.

समजा 30.2 युनिटच्या बॅटरीची, 2020 ची टाटा नेक्सॉन इलेक्ट्रिक आहे. 108 किलोमीटर झाले आणि वापर 140 दाखवतोय. 108 गुणिले 140 म्हणजे 15,120 वॅट-अवर. हजार वॅट-अवरचं एक युनिट, म्हणजे सुमारे 15.1 युनिट. हे साठ टक्क्यांत गेले, तर शंभर टक्क्यांत 25.2. मूळच्या मानानं साधारण 83 टक्के. कंपनी नव्या बॅटरीतलीही थोडी वीज राखीव ठेवते, म्हणून 83 म्हणजे वाईट नाही. 70 च्या आसपास आलं तर मात्र कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून बॅटरीचा हेल्थ रिपोर्ट घेतल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका. घाटावर ही चाचणी करू नका. चोर्ल्याच्या चढाला वापर वाढतो, उताराला वीज परत येते, आणि हिशेब बिघडतो.

रिपोर्टमध्ये सगळ्यात कमकुवत सेलचं व्होल्टेज बघायला सांगा. सेल एकामागून एक जोडलेले असतात. एक मागे पडला की बाकीचे भरलेले असूनही गाडी थांबते.

गाडी लिफ्टवर चढवून खालून बघाच. बॅटरीचं कव्हर कुठं चेपलंय का, गतिरोधकाला घासलंय का? कळंगुट-कांदोळीच्या खाऱ्या वाऱ्यात उभी राहिलेली गाडी असेल तर बोल्ट आणि ब्रॅकेट गंजतात. ब्रेक डिस्कवर बोट फिरवा. या गाड्या मोटरच्या जोरावर थांबतात, पॅड कमी वापरले जातात, म्हणून पॅड जाड दिसतो पण पावसाळ्यात डिस्कला गंज चढतो. टायर लवकर झिजतात, तेही बघा. नारंगी वायरला मात्र हात लावायचा नाही. ती हाय व्होल्टेज.

गाडी पसंत पडली तरी घर तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. आपली जांभ्याची जमीन उन्हाळ्यात सुकून जाते आणि अर्थिंग ढिलं पडतं. मग चार्जर लाल दिवा लावून बसतो आणि लोक गाडीला दोष देतात. इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर अर्थिंगचा खड्डा नव्यानं करा. मीटरपासून पंधरा अँपिअरच्या सॉकेटपर्यंत वेगळी तांब्याची वायर ओढा आणि लोड वाढवायचा असेल तर वीज खात्यात अर्ज करा. फ्लॅटमध्ये राहत असाल तर सोसायटीची परवानगी लेखी घ्या.

कंपनी टिकेल का, हेही आता बघावं लागतं. फोक्सवॅगननं 2024 अखेरीस जर्मनीत 2030 पर्यंत 35,000 हून अधिक नोकऱ्या कमी करायचा करार केला. अमेरिकेतली फिस्कर तर 2024 मध्ये दिवाळखोरीत गेली आणि गाडीच्या सॉफ्टवेअरचं काय, असा प्रश्न तिच्या मालकांपुढे उभा राहिला. म्हणून सर्व्हिस सेंटर गोव्यात किंवा निदान बेळगावात आहे, अशीच कंपनी निवडा. क्लच प्लेट आणि इंजिन ऑइलवर चाललेला आमचा धंदा आटतोय, याची मला काळजी आहे. पण त्याहून मोठी काळजी ही की हाय व्होल्टेजचं शिक्षण आणि स्कॅनिंगचं सॉफ्टवेअर बाहेरच्या गॅरेजना मिळालं नाही, तर वॉरंटी संपल्यावर गिऱ्हाईकानं जायचं कुठं? आयटीआयमधल्या पोरांना हे आत्ताच शिकवायला हवं.

वॉरंटीचं गणित सोपं आहे. नेक्सॉनच्या बॅटरीला 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर, जे आधी होईल ते. म्हणजे 2020 ची गाडी 2028 मध्ये वॉरंटीबाहेर. काही योजनांत आयुष्यभराची वॉरंटी फक्त पहिल्या मालकाला असते. दुसऱ्याला काय मिळेल ते कंपनीकडून लेखी घ्या. बॅटरी भाड्यावर घेतलेली गाडी असेल तर उरलेले हप्ते कोणाच्या नावावर आहेत, तेही विचारा.

व्यवहाराच्या दिवशी वाहतूक खात्याचे फॉर्म 29 आणि 30 सही करून घ्या आणि बँकेचा बोजा असेल तर एनओसी. डिकीतली चार्जिंग केबल गाडीबरोबरची मूळचीच आहे ना, ते बघा. आणि जुन्या मालकाला त्याच्या मोबाइलमधल्या ॲपमधून गाडी तुमच्यासमोर काढायला लावा, नाहीतर गाडी तुमच्या दारात आणि तिचं लोकेशन त्याच्या मोबाइलवर.