होडीच्या वक्र हलवरून सपाट पत्र्याचे फर्मे काढताना

संगणकावर काढलेला हल, म्हणजे होडीचे बाहेरचे कवच, कितीही डौलदार दिसला, तरी मुंबईच्या दारूखाना भागातून आणलेला 3 मिलिमीटरचा पत्रा त्याला जुमानत नाही. पत्रा एका दिशेने सहज वळतो. दोन दिशांनी एकाच वेळी वळवायचा, तर तो कुठे ताणावा आणि कुठे आकसवावा लागतो, आणि ते काम वेल्डरचे नसून ठोकाठोकीत मुरलेल्या डेंटरचे आहे. म्हणून फर्मे, म्हणजे पत्रा कापण्याचे सपाट नमुने, काढण्याआधी हलचा कोणता भाग मुळात उलगडतो, म्हणजे न ताणता सपाट होतो, हे ठरवावे.

पृष्ठभाग ताणल्याशिवाय त्याची गाउसियन वक्रता (प्रत्येक बिंदूपाशी दोन मुख्य दिशांतील वळणांचा गुणाकार) बदलत नाही, हे गणितज्ञ गाउस यांनी 1827 मध्ये सिद्ध केले. सपाट पत्र्याची ही वक्रता शून्य असते, म्हणून हलवरही ती शून्य असेल तेवढाच भाग बिनतक्रार उलगडतो. नाळेजवळ, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाजवळ, 1 मीटर त्रिज्येच्या गोलासारखा फुगवटा असेल आणि त्यावर 200 मिलिमीटर त्रिज्येची सपाट चकती बसवायची असेल, तर चकतीचा घेर सुमारे 8 मिलिमीटर आकसवावा लागेल. लाकडी होडीत अरुंद फळ्या शेजारीशेजारी बसतात, त्यामुळे हा फरक फळ्याफळ्यांत विभागला जातो. रुंद पत्र्याला ती सवलत नाही. असा भाग पट्ट्यांत तोडावा किंवा आराखडाच बदलून बूड आणि बाजू यांच्यामध्ये स्पष्ट कड, म्हणजे चाइन, द्यावी. माझ्या मते नवशिक्याने दुसराच मार्ग धरावा.

राइनो या आराखड्याच्या सॉफ्टवेअरमध्ये वक्रतेचे रंगचित्र पाहून उलगडण्याची 'अनरोल' आज्ञा वापरता येते. 'स्क्विश' मात्र दुहेरी वक्र भागालाही सपाट करून दाखवते, त्यामुळे तिने दिलेला फर्मा पाहून खूश होण्याआधी तिने दाखवलेला ताण व दाब पाहावा.

हाताने काढायचे असल्यास 1:10 प्रमाणातील लहान नमुना करावा. बहुतेकांची चूक इथेच होते: वरची कड आणि चाइन यांचे सारखे भाग पाडून समोरासमोरचे बिंदू जोडले जातात, पण पत्रा त्या रेषांवरून वळत नाही. काचेचा सपाट तुकडा दोन्ही कडांना एकाच वेळी टेकेल असा धरून त्यांच्यावरून सरकत न्यावा. प्रत्येक स्थितीत काच ज्या दोन बिंदूंना टेकते, त्यांना जोडणारी रेषा हीच पत्र्याची खरी सरळ रेषा होय. नाळेकडे या रेषा बऱ्याच तिरप्या होतात, आणि सारखे भाग पाडणाऱ्याचा पत्रा नेमका तिथेच फुगतो.

लगतच्या दोन रेषांमधील चौकोनात एक कर्ण टाकावा आणि प्रत्येक त्रिकोणाच्या बाजूंची खरी लांबी काढावी. त्यासाठी टोकांच्या तिन्ही सहनिर्देशकांतील फरकांचे वर्ग मिळवून वर्गमूळ घ्यावे. मग कंपासाने एकामागून एक त्रिकोण कागदावर मांडावेत. सुरुवात एका टोकापासून न करता मध्यापासून दोन्हीकडे करावी, म्हणजे साचणारी चूक निम्मी होते. शेवटी सपाट फर्म्याच्या कडांची लांबी नमुन्यावर दोरा धरून ताडून पाहावी.

पत्र्याची जाडी विसरू नये. आराखडा बाहेरच्या पृष्ठभागाचा असेल, तर 500 मिलिमीटर त्रिज्येच्या वळणावर 3 मिलिमीटर जाडीच्या पत्र्यात दर मीटरला सुमारे 3 मिलिमीटर फरक पडतो, म्हणून फर्मा जाडीच्या मधल्या पातळीवरून काढावा.

पत्रा कापण्यापूर्वी कार्डशीटचे फर्मे चिकटपट्टीने जोडून पाहावेत. पत्र्याप्रमाणेच कार्डशीटही ताणले जात नाही, त्यामुळे कुठे सुरकुती पडली तर चूक लगेच दिसते. त्यानंतरच साकीनाक्याच्या लेझर कटिंगवाल्याला फर्म्यांच्या रेखाचित्राची डीएक्सएफ फाइल द्यावी. त्याचा पत्रा 1250×2500 मिलिमीटरचा असेल, तर मोठे फर्मे कुठे जोडायचे हे आधीच ठरवावे. हलच्या आतील आधार-चौकटींच्या जागा फर्म्यावर खुणांनी दाखवाव्यात, डावा आणि उजवा फर्मा परस्परांची आरशातील प्रतिमा असल्याची खात्री करावी, आणि नाळेच्या टोकाला 10 ते 15 मिलिमीटर जादा पत्रा ठेवून तो जागेवर बसवतानाच कापावा.