मायटोकॉन्ड्रियावर पीएचडी करायची म्हणता?

नेट या पात्रता परीक्षेचा निकाल लागला की ज्युनिअर्सचे मेसेज सुरू होतात. ‘ताई, जेआरएफ (पीएचडीची फेलोशिप) निघाली. अल्झायमरमध्ये मायटोकॉन्ड्रियावर काम करायचंय. पुण्यात कुठे जाऊ?’ संस्थांची नावं मी नंतर सांगते. आधी विचारते, पेशी मरायला टेकली म्हणून मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीत ऊर्जा बनवणारे घटक, बिघडतात, की मायटोकॉन्ड्रिया बिघडतात म्हणून पेशी मरते? बहुतेक जण गप्प होतात. मला त्यात काही वावगं वाटत नाही, कारण निम्मं क्षेत्र अजून त्याच प्रश्नाशी झटतंय. पण हा प्रश्न डोक्यात न ठेवता लॅबमध्ये शिरलात तर पाच वर्षांनी हातात सुंदर फोटो असतील आणि निष्कर्ष नसेल.

मरणाऱ्या कुठल्याही पेशीत मायटोकॉन्ड्रिया फुगलेले, तुकडे झालेले दिसणारच. अमुक विष दिलं, आरओएस (ऑक्सिजनचे घातक रेणू) वाढले, पोटेन्शियल (मायटोकॉन्ड्रियाच्या पटलावरचा विद्युतदाब) पडलं, मग तमुक वनस्पतीचा अर्क दिला आणि सगळं सुधारलं, या साच्याचे थिसिस कोणत्याही विद्यापीठाच्या ग्रंथालयात ढिगाने सापडतील. डिग्री त्यावरही मिळते. मेंदूच्या आजाराबद्दल मात्र त्यातून काही कळत नाही.

पाठ्यपुस्तकातलं थोडक्यात सांगून टाकते. मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण ऊर्जेतला वाटा जवळपास २० टक्के. मायटोकॉन्ड्रियाचा स्वतःचा डीएनए १६,५६९ बेसपेअरचा, त्यात ३७ जनुकं, आणि त्यांतली फक्त १३ प्रथिनं बनवणारी. बाकी हजारभर प्रथिनं केंद्रकाकडून येतात. न्यूरॉन, म्हणजे चेतापेशी, विभागत नाही, त्यामुळे खराब झालेला माल नव्या पेशींमध्ये वाटून पातळ करण्याची सोय त्याला नाही. शिवाय पेशीच्या धडापासून लांबवर, तिच्या शेपटीसारख्या अ‍ॅक्सॉनच्या टोकापर्यंत मायटोकॉन्ड्रिया वाहून न्यावे लागतात. एवढं नेटच्या तयारीत झालेलं असतं.

आता कारण आणि परिणामाकडे. पार्किन्सनच्या बाबतीत आपलं नशीब, म्हणजे संशोधकांचं नशीब, जरा बरं आहे. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनी अचानक ताठरले, बोलता-हलता येईना, थेट म्हाताऱ्या पार्किन्सनच्या रुग्णासारखे. त्यांनी टोचून घेतलेल्या कृत्रिम हेरॉइनमध्ये एमपीटीपी नावाची भेसळ होती. मेंदूत त्याचं एमपीपी प्लस होतं, ते डोपामिन हे रसायन बनवणाऱ्या पेशींमध्ये शिरतं आणि मायटोकॉन्ड्रियाचं कॉम्प्लेक्स वन, म्हणजे ऊर्जा बनवण्याच्या साखळीतलं पहिलं प्रथिनसंकुल, बंद पाडतं. इथे क्रम स्वच्छ आहे: आधी मायटोकॉन्ड्रिया, मग आजार. पुढे १९८९ मध्ये रुग्णांच्या मेंदूतल्या सबस्टँशिया नायग्रामध्येही (जिथे या डोपामिनच्या पेशी असतात) कॉम्प्लेक्स वन मंदावलेलं सापडलं. नंतर पार्किन आणि पिंक-१ ही जनुकं हाती लागली. दोन्हींचं काम बिघडलेले मायटोकॉन्ड्रिया ओळखून मोडीत काढण्याचं.

अल्झायमरमध्ये इतका सरळ पुरावा नाही. घराण्यात चालत येणाऱ्या अल्झायमरची एपीपी, प्रेसेनिलिन-१ आणि प्रेसेनिलिन-२ ही तिन्ही जनुकं मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइड प्रथिनाकडे बोट दाखवतात. म्हातारपणी होणाऱ्या नेहमीच्या अल्झायमरमध्ये मायटोकॉन्ड्रियाची झीज आधी येते, अमायलॉइड मागून, अशी मांडणी २००४ मध्ये स्वर्डलो आणि खान यांनी केली. तिला ‘मायटोकॉन्ड्रियल कॅस्केड’ म्हणतात. मला ती आवडते, पण तिच्याजवळ कॅलिफोर्नियासारखी घटना नाही. दुसऱ्या बाजूला लेकानेमॅब हे औषध अमायलॉइड काढून टाकतं, तरी दीड वर्षात ऱ्हास सुमारे २७ टक्क्यांनीच मंदावतो, थांबत नाही. म्हणजे दोन्ही पक्षांना भांडायला जागा आहे. माझं मत विचाराल तर नीट उत्तर देणारा प्रश्न हवा असेल त्याने पार्किन्सन घ्यावं. संदिग्धता पचवता येत असेल तरच अल्झायमर घ्यावं, आणि मुलाखतीत हे मोकळेपणाने बोलावं. समितीला असा उमेदवार क्वचित भेटतो.

बेंचवर पहिली गाठ पडते एसएच-एसवाय५वाय पेशींशी. न्यूरोब्लास्टोमाच्या, म्हणजे कॅन्सरच्या पेशी. स्वस्त आहेत, वाढतात, म्हणून सगळ्यांकडे असतात. पेशी वाढवायच्या नेहमीच्या डीएमईएम द्रावणात लिटरला साडेचार ग्रॅम ग्लुकोज असतं. एवढं गोड मिळाल्यावर या पेशी ग्लायकोलिसिसवर, म्हणजे ऑक्सिजनशिवाय साखर फोडून, आरामात जगतात आणि मायटोकॉन्ड्रियाकडे ढुंकूनही पाहत नाहीत. तुम्ही रोटेनोन हे विष टाकता, कॉम्प्लेक्स वन बंद होतं आणि पेशी मात्र मजेत. ग्लुकोज काढून गॅलॅक्टोज द्या, त्यांना ऑक्सिजन वापरून ऊर्जा काढावीच लागते, आणि मग त्याच रोटेनोनने त्या मरतात. लॅबमधल्या सीनिअरला विचारा, गॅलॅक्टोजमध्ये करून पाहिलंय का? ‘कशाला?’ असं उत्तर आलं तर सावध व्हा.

दुसरी गंमत एमटीटी या रंगचाचणीची. जांभळा रंग मोजून ‘इतक्या टक्के पेशी जिवंत’ असं सगळे लिहितात. पण तो रंग पेशींची संख्या मोजत नाही. पेशीतली डिहायड्रोजनेज एन्झाइमं, त्यातही मायटोकॉन्ड्रियातली, किती काम करतायत ते मोजतो. मायटोकॉन्ड्रिया बिघडवणारं औषध देऊन एमटीटी करायची आणि पेशी मेल्या म्हणायचं, हे चोरालाच साक्षीदार करण्यासारखं आहे. सोबत ट्रायपॅन ब्लू किंवा एलडीएच, म्हणजे मेलेल्या, फुटलेल्या पेशी ओळखणारी चाचणी, कराच. पोटेन्शियल दाखवणाऱ्या जेसी-वन रंगाचा लाल-हिरवा फोटो पोस्टरवर झकास दिसतो, आकडे मात्र टीएमआरएम या दुसऱ्या रंगाचे जास्त भरवशाचे, तेही कमी मात्रेत वापरलं तर. आणि कोणत्याही डायच्या प्रयोगात पोटेन्शियल पाडणाऱ्या एफसीसीपीचा कंट्रोल हवाच. तो टाकल्यावर सिग्नल पडला नाही तर तुम्ही पोटेन्शियल मोजतच नव्हता.

सीहॉर्स नावाचं यंत्र हल्ली सगळ्यांना हवं असतं. पेशी किती ऑक्सिजन ओढतात ते ते मोजतं. एटीपी (पेशीचं इंधन) बनवणं थांबवणारं ऑलिगोमायसिन दिल्यावर जेवढी घट होते तेवढा ऑक्सिजन एटीपी बनवायला लागत होता. एफसीसीपी दिलं की कमाल क्षमता कळते. मायटोकॉन्ड्रियाचा ऑक्सिजन वापर बंद पाडणारे रोटेनोन आणि अँटिमायसिन दिल्यावर जे उरतं ते मायटोकॉन्ड्रियाचं नव्हेच. तत्त्व एवढंच, पण कार्ट्रिज महाग, आणि यंत्र तुमच्या संस्थेत नसलं तर दुसरीकडे स्लॉट मागावा लागतो. म्हणून एफसीसीपीची मात्रा आपल्या पेशींसाठी आधी ठरवून घ्या, प्लेट करताना पेशी मोजा, आणि शेवटी प्रोटीन काढून आकडे त्याने भागा. हे न केलेला ग्राफ जर्नल क्लबमध्ये कुणीही दोन मिनिटांत फाडतं.

क्रम शोधायचा असेल तर माझा कौल माशीला. ड्रोसोफिला, म्हणजे फळमाशी, म्हटलं की आपल्याकडे मुलं नाक मुरडतात, त्यांना उंदीर हवा असतो. पण पिंक-१ नसलेल्या माशीचे पंख लोंबतात, छातीवर खळगा पडतो, नर वांझ होतात. सगळं साध्या मायक्रोस्कोपखाली दिसतं. २००६ मध्ये दोन गटांनी दाखवलं की अशा माशीत पार्किन वाढवलं तर ती सुधारते, पण पार्किन नसलेल्या माशीत पिंक-१ वाढवून उपयोग होत नाही. म्हणजे साखळीत पिंक-१ वर, पार्किन खाली. कोण आधी, कोण नंतर, याचा निकाल इतक्या कमी खर्चात लागलेला मला दुसरा ठाऊक नाही. पंचवीस अंशांना माशीची पिढी दहा दिवसांत होते. मक्याचं पीठ, यीस्ट, साखर, अगार शिजवायला शिकावं लागतं आणि तो वास कपड्यांना लागतो, तेवढं चालवून घ्या.

उंदरासाठी संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची परवानगी लागते, फाइल फिरायला वेळ जातो, मग उंदीर म्हातारे होण्याची वाट पाहायची. फेलोशिप पाच वर्षांची हे लक्षात ठेवून ठरवा.

माणसांचे नमुने हा वेगळाच अनुभव. मेंदूच्या ऊतीसाठी बंगळुरूच्या निम्हान्समधल्या पेढीकडे रीतसर अर्ज करावा लागतो. पुण्यात जमण्यासारखं म्हणजे न्यूरॉलॉजिस्टबरोबर मिळून रक्त घेणं. प्लेटलेटमध्ये केंद्रक नसतं पण मायटोकॉन्ड्रिया असतात. स्वतःचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए काढून टाकलेल्या पेशींशी त्यांचा संयोग करून सायब्रिड, म्हणजे रुग्णाचे मायटोकॉन्ड्रिया असलेल्या संकर पेशी, बनवता येतात. संमतीपत्र मराठीतच हवं, आणि सही घेण्याआधी ते वाचून दाखवायचं. ओपीडीबाहेर जुन्नर-बारामतीकडून आलेल्या काकू हमखास विचारतात, ‘ह्यांना काही गोळी निघाली का गं?’ तिथे आशा विकू नका. कोएन्झाइम क्यू-१० हे पूरक घेऊ का, असंही विचारतात. पार्किन्सनमध्ये दिवसाला १,२०० आणि २,४०० मिलिग्रॅम देऊन मोठी चाचणी झाली, २०१४ मध्ये निकाल छापून आला, फायदा दिसला नाही. हे सांगायचं आणि बाकी डॉक्टरांना विचारायला सांगायचं.

वेट लॅब, म्हणजे प्रत्यक्ष प्रयोग, नकोच असेल त्यांच्यासाठीही काम आहे. एडीएनआय या अल्झायमरच्या अभ्यासासारखा डेटा अर्ज करून फुकट मिळतो. फक्त मायटोकॉन्ड्रियल डीएनएचे तुकडे केंद्रकातही अडकलेले असतात, त्यांना नमट्स म्हणतात. ते न गाळता म्यूटेशन मोजायला बसलात तर नसलेले बदल सापडतील.

आता पुणं. पाषाणला आयसर ही विज्ञान संस्था आणि शेजारी एनसीएल ही राष्ट्रीय रसायन प्रयोगशाळा, विद्यापीठाच्या आवारात एनसीसीएस हे पेशीविज्ञान केंद्र, शिवाय विद्यापीठाचे प्राणिशास्त्र, बायोटेक्नॉलॉजी आणि आयबीबी (जैवमाहितीशास्त्र आणि जैवतंत्रज्ञान) हे विभाग, आगरकर रस्त्यावर आघारकर संस्था. माश्या, पेशी, प्रथिनं, तिन्ही प्रकारचं काम या टापूत होतं. एनसीएलमध्ये अल्झायमरमधल्या टाऊ प्रथिनावर काम झालेलं आहे, एनसीसीएसकडून देशभर पेशींच्या लाइन्स जातात. पण निव्वळ मायटोकॉन्ड्रिया आणि मेंदू अशी पाटी शोधत बसू नका. मायटोकॉन्ड्रिया येणारी लॅब आणि मेंदू येणारी लॅब, यांतली एक गाईड म्हणून घ्या आणि दुसरी आरएसीत (संशोधन सल्लागार समितीत) किंवा सहकार्यात. बंगळुरू किंवा मानेसरला जास्त चांगली जागा मिळत असेल तर जा. सदाशिव पेठेतली मेस सोडवत नाही म्हणून पीएचडीचा विषय ठरवणारे मी पाहिलेत.

पैशाचं स्पष्ट बोलते. जानेवारी २०२३ पासून जेआरएफला महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी पुढच्या टप्प्यात, एसआरएफला, ४२,०००, वर घरभाडे भत्ता. आकडा बरा वाटतो, पण पैसे अधूनमधून काही महिने थकतात, तेव्हा सुरुवातीलाच थोडी गंगाजळी ठेवा आणि बाणेरपेक्षा सूस-पाषाणकडे खोली बघा. सीएसआयआरची नेट जून-डिसेंबर अशी दोनदा असते, डीबीटीची (जैवतंत्रज्ञान विभागाची) बीईटी आणि गेट या परीक्षाही द्या. काहीच निघालं नाही तर प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून लागा. वर्षभर हात बसलेल्या मुलाला गाईड लगेच ओळखतात.

रॉ डेटाची सवय पहिल्या दिवसापासून लावा. अल्झायमरमधला २००६ चा एक गाजलेला पेपर ब्लॉटच्या (प्रथिनांच्या पट्ट्यांच्या) फोटोंतल्या फेरफारीमुळे २०२४ मध्ये मागे घेतला गेला. अठरा वर्षं लोक त्यावर पुढचं काम रचत होते. न कापलेला ब्लॉट, तारीख, अँटिबॉडीचा लॉट नंबर, सगळं जपा, विशेषतः निकाल मनासारखा आला असेल तेव्हा.

गाईडला मेल करताना त्यांचा एक पेपर वाचून त्यातल्या एका आकृतीबद्दल प्रश्न विचारा. ‘रिस्पेक्टेड सर, आय अ‍ॅम पॅशनेट’वाले मेल उघडलेच जात नाहीत. आणि मुलाखतीला गेलात की कल्चर रूम बघायला मागा. वीज गेली तर इन्क्युबेटर कशावर चालतो ते विचारा. पेशींची मायकोप्लाझ्मा तपासणी शेवटची कधी झाली तेही विचारा. मायकोप्लाझ्मा हा सूक्ष्म जीवाणू साध्या मायक्रोस्कोपखाली दिसत नाही, पेशींचं चयापचय बदलून टाकतो आणि मायटोकॉन्ड्रियाचे तुमचे सगळे आकडे खोटे पाडतो. वही काढून तारीख दाखवणारी लॅब मिळाली तर बाकीच्या अटींत थोडी घासाघीस चालेल.