घर बदलताय? सामान हलवताना आणि लावताना या चुका टाळा

मे महिन्याच्या शेवटी पुण्या-मुंबईत सोसायट्यांच्या फाटकाशी टेम्पो उभे दिसू लागतात. जूनच्या मध्याला शाळा सुरू होतात, अकरा महिन्यांचे करार संपत आलेले असतात आणि पावसाआधी उरकून टाकू म्हणून बरीच कुटुंबं एकाच पंधरवड्यात घर बदलतात. या घाईत सगळं लक्ष असतं ते जुनं घर रिकामं करण्याकडे. तेच सामान नव्या घरात कुठे ठेवायचं आणि कुठलं खोकं आधी उघडायचं, हा विचार मागे पडतो. पुढचे काही आठवडे जो वैताग होतो तो बहुतेक याच एका कारणाने. म्हणून खालच्या प्रत्येक मुद्द्यात माझा आग्रह एकच आहे: बांधाबांध करताना डोळ्यांसमोर नवं घर ठेवा.

फोनवर भाव ठरवणं

"टू बीएचके आहे, किती घ्याल?" या प्रश्नाला फोनवर मिळालेलं उत्तर धरून चालू नका. भाव सामानाच्या आकारमानावर, मजल्यावर, लिफ्ट आहे की नाही यावर आणि गाडी दारापर्यंत येते का यावर ठरतो. माणसाला घरी बोलवा किंवा व्हिडिओ कॉलवर सगळं घर दाखवा. माळा नक्की दाखवा, कारण यादीत सगळ्यात जास्त विसरलं जातं ते माळ्यावरचं सामान. जुनी पातेली, गाद्या, पिंप, गणपतीचं मखर, कुणाची तरी सायकल असं सगळं खाली उतरलं की "सामान वाढलंय" म्हणून रक्कमही वाढते आणि तेव्हा तुमच्या हातात काही उरलेलं नसतं. छोट्या हत्तीत एका खोलीचा संसार मावतो. भरलेल्या दोन बेडरूमच्या घराला दोन खेपा किंवा मोठी गाडी धरूनच चला.

हमाली, पॅकिंगचं सामान, पलंग सोडवणं-जोडणं, टोल, मजल्याचे जादा पैसे असं सगळं लिहून घ्या, मेसेजवर का होईना. पूर्ण पैसे आगाऊ देऊ नका. सामान दुसऱ्या शहरात जात असेल तर बिल्टी, म्हणजे वाहतूकदाराने दिलेली मालाची पावती, घ्या आणि तिच्यावर नगांची संख्या आहे का ते पाहा. उतरवून घेताना नग मोजल्याशिवाय "माल मिळाला" अशी सही करू नका. काही फुटलं-तुटलं असेल तर त्याच कागदावर लिहा आणि फोटो काढा. रस्ते वाहतुकीच्या 2007 च्या कायद्यानुसार वाहतूकदारावर दावा करायचा तर बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. तोंडी भांडणात हे दिवस निघून जातात.

शक्य असेल तर महिन्याचा शेवट, पहिली तारीख आणि रविवार टाळा.

सोसायटीला आधी न विचारणं

बऱ्याच सोसायट्यांत सामान चढवायच्या वेळा ठरलेल्या असतात, रविवारी परवानगी नसते, कुठे वेगळं शुल्क असतं, कुठे लिफ्टला आतून पुठ्ठा लावल्याशिवाय सामान चढवू देत नाहीत. टेम्पो खाली उभा आणि वॉचमन काका आत सोडत नाहीत, ही वेळ एका फोनने टळते. भाडेकरू असाल तर नोंदणी केलेल्या कराराची प्रत आणि पोलिसांकडे दिलेल्या भाडेकरूच्या माहितीची पोच जवळ ठेवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असायला हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. "नंतर करू" असं म्हणणाऱ्या मालकाला हे नम्रपणे सांगा.

नवं घर पाहायला जाल तेव्हा टेप घेऊन जा. लिफ्टचं दार, जिन्याचं वळण, बेडरूमची चौकट आणि फ्रिजची जागा मोजा. लोखंडी कपाट सोडवता येत नाही, ते वळणावर अडकलं की अडकलंच. मोठी उपकरणं चालणारे जाड पिनांचे, 16 अँपिअरचे सॉकेट किती आणि कुठे आहेत तेही मोजा. गीझर, वॉशिंग मशीन आणि मायक्रोवेव्ह यांच्यासाठी एकच सॉकेट असेल तर सामान यायच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, एक्स्टेन्शन बोर्डावर भागवू नका.

आणि पेस्ट कंट्रोल रिकाम्या घरातच करून घ्या. भरलेल्या घरात ओट्याखालचे सगळे डबे पुन्हा बाहेर काढावे लागतात.

"किचन" एवढंच लिहिलेली खोकी

सामान लावण्याचा सगळ्यात मोठा त्रास इथे आहे. "किचन" लिहिलेली दहा-बारा खोकी एकावर एक आली की गाळणी कुठल्या खोक्यात आहे ते कुणालाच सांगता येत नाही. खोक्यावर नव्या घरातली जागा लिहा: "ओट्याखाली, रोजची भांडी", "वरचं कपाट, सणावाराचं". नाव बाजूला लिहा. वर लिहिलेलं नाव दुसरं खोकं चढलं की झाकून जातं.

किराणा दुकानातली खोकी फुकट मिळतात, पण त्यांच्या घड्यांत झुरळांची अंडी असू शकतात. ती वापरायची तर कपड्यांना आणि धान्याला वापरू नका. पुस्तकांना लहान खोकी घ्या. मोठ्या खोक्यात भरलेली पुस्तकं उचलणाऱ्याची कंबर मोडतात आणि खोक्याचा तळही. पलंगाचे नट-बोल्ट एका पिशवीत घालून ती पिशवी पलंगाच्याच फळीला टेपने चिकटवा. टीव्ही आणि मॉनिटरच्या मागच्या तारांचा काढण्याआधी फोटो घ्या.

एक खोकं वेगळं ठेवा, पहिल्या रात्रीचं. चहा-साखर, एक पातेलं, गाळणी, लायटर, चार ताटल्या, रोजची औषधं, चादरी, चार्जर, बल्ब, पक्कड, स्क्रूड्रायव्हर, कात्री, साबण आणि टॉवेल त्यात घाला. झाडू आणि बादली-मग त्याच्या शेजारी. हे खोकं टेम्पोत सगळ्यांत शेवटी चढवा, म्हणजे सगळ्यांत आधी उतरेल. घरात म्हातारी माणसं किंवा लहान मूल असेल तर त्यांच्या औषधांची आणि अंथरुणाची पिशवी सरळ हातात ठेवा. दागिने, मूळ कागदपत्रं आणि देव्हाऱ्यातले देवही आपल्यासोबतच.

साठवणीचं एक सांगायला हवं. जूनमध्ये घर बदलायचं ठरलं असेल तर मे महिन्यात वर्षाचं तिखट, मसाला, गहू भरू नका. जुनं आहे तेच संपवत आणा. लोणच्याची बरणी कितीही घट्ट बांधली तरी खड्ड्यांतून जाताना तेल झिरपतं. ती प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून बादलीत उभी ठेवा आणि बादली आपल्या गाडीत घ्या.

सामान चढवणाऱ्या माणसांना थंड पाणी आणि चहा द्या, दुपार झाली तर जेवणाचं विचारा. चौथ्या मजल्यावर पाठीवरून फ्रिज नेणं फार कष्टाचं काम आहे, आणि त्याचा मान राखणं हे आपलं काम.

उपकरणं तशीच उचलून नेणं

फ्रिज आदल्या दिवशी रिकामा करून बंद करा, बर्फ वितळू द्या, आतून पुसा. तो उभाच न्यायचा. आडवा केला तर कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांमध्ये जातं. उभा आणला तरी काही तास थांबून सुरू करा, आडवा आणावाच लागला तर एक दिवस उभा ठेवून मगच.

पुढून दार असलेल्या वॉशिंग मशीनचा ड्रम प्रवासात हलू नये म्हणून मागे लावायचे बोल्ट मशीन नवं असतानाच मिळालेले असतात. हलवताना ते पुन्हा लावा, आणि नव्या घरात सुरू करण्याआधी आठवणीने काढा. इन्व्हर्टरची बॅटरी आडवी करू नका, आत अ‍ॅसिड असतं. एसी काढताना तंत्रज्ञाने आधी गॅस बाहेरच्या युनिटमध्ये गोळा करायला हवा. नुसत्या नळ्या कापून एसी काढला की नव्या घरी गॅस भरण्याचा खर्च येतो.

भरलेला सिलिंडर सामानाच्या बंद गाडीत घालू नका. दुसऱ्या शहरात जाणार असाल तर सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीकडे जमा करून व्हाउचर घ्या, त्यावर नवीन जागी जोडणी मिळते. नव्या घरात पाइपचा गॅस असेल तर शेगडी तशीच जोडू नका. पाइपच्या गॅसला आणि सिलिंडरला वेगळे जेट (बर्नरला गॅस सोडणारी बारीक तोंडं) लागतात, ते जाणकाराकडून बदलून घ्यावे लागतात.

सगळी खोकी एकदम उघडणं

उत्साहाच्या भरात पहिल्याच संध्याकाळी सगळं उघडलं की पाय ठेवायला जागा उरत नाही आणि रात्री झोपायचं कुठे हा प्रश्न पडतो. आधी अंथरुणं आणि बाथरूम, मग रोजचा स्वयंपाक, मग मुलांची दप्तरं आणि कामाचं टेबल. शोपीस, फोटो आणि माळ्यावरचं सामान शेवटी. भिंतीत खिळे ठोकण्यापूर्वी मालकाला विचारा. सामान पावसात आलं असेल तर गाद्या, पुस्तकं आणि कपड्यांची खोकी मात्र त्याच दिवशी उघडून पंख्याखाली पसरा. दमट पुठ्ठ्यात बुरशी लवकर धरते.

लावल्यावर बिघाड दिसला तर

लोखंडी कपाटाचं दार लागत नसेल तर कपाट खराब झालंय असं लगेच समजू नका. फरशी असमान असली की कपाट पिळतं. एकेका पायाखाली पातळ पट्टी सरकवून पाहा, दार बहुतेक वेळा बसतं.

वॉशिंग मशीन थरथरत जागा सोडत असेल तर आधी ते मागचे बोल्ट काढलेत का ते बघा, मग पाय फिरवून मशीन समतल करा. पाणी हळू भरत असेल तर पाण्याच्या नळीच्या तोंडाशी असलेली जाळी साफ करा.

शेगडीची ज्योत पिवळी येत असेल तर बर्नर नीट बसलाय का आणि त्याची भोकं बुजलीत का ते पाहा. तरीही पिवळीच राहिली तर मेकॅनिकला बोलवा. गॅसचा वास आला तर मात्र काहीच तपासत बसू नका. रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, विजेचं एकही बटण दाबायचं नाही, आणि बाहेर जाऊन 1906 या सिलिंडरच्या गॅसगळतीच्या हेल्पलाइनवर फोन.

जुन्या घराचा हिशेब अर्धवट ठेवणं

रिकाम्या घराचा खोलीवार व्हिडिओ काढा: भिंती, नळ, पंखे, दिवे. जाताना विजेच्या मीटरचा फोटो घ्या आणि चाव्या दिल्याची पोच मेसेजवर का होईना घ्या. डिपॉझिटचा वाद झाला तर याच गोष्टी उपयोगी पडतात. नव्या घरातही पहिल्याच दिवशी मीटरचा फोटो काढा, आधीच्या माणसाची थकबाकी आहे का ते विचारा, आणि तो मीटर आपल्याच घराचा आहे ना, हे मेन स्विच बंद करून पडताळा.

पत्ता बदलायची यादी आताच करा: बँक, गॅस, आधार, विमा, मुलांची शाळा. मतदार यादीसाठी फॉर्म 8 भरायचा असतो. घरपोच सामान मागवायच्या अ‍ॅपमधला जुना पत्ता तर त्याच दिवशी काढून टाका, नाहीतर पुढची ऑर्डर जुन्या दारात जाऊन पडेल.