झाडं, प्राणी आणि आपलं शरीर : प्राथमिक वर्गात शिकवताना या चुका टाळा

‘झाडाला अन्न कुठून मिळतं?’ असं तिसरी-चौथीच्या वर्गात विचारून बघा. भराभर हात वर होतात आणि उत्तर बहुतेक एकच येतं : मातीतून. त्यात आपणही ‘खत म्हणजे झाडाचं अन्न’ असं सहज बोलून जातो. पुढे प्रकाशसंश्लेषणाचा धडा येतो, मुलं व्याख्या पाठ करतात, पेपरात लिहितात, पण त्यांच्या मनातलं झाड मातीच खात राहतं. मुलांनी आधी काय धरून ठेवलंय हे न विचारता शिकवायला लागणं, ही मला सगळ्यात मोठी चूक वाटते. बाकीच्या बऱ्याच चुका तिच्यातूनच येतात.

या एका गैरसमजावर पूर्ण तास गेला तरी चालेल. वान हेल्माँट या सतराव्या शतकातल्या शास्त्रज्ञाची गोष्ट सांगा. त्याने सुमारे ९० किलो वाळवलेली माती तोलून कुंडीत भरली, विलोचं छोटं रोप लावलं आणि ५ वर्षं फक्त पाणी घातलं. झाड ७७ किलोच्या आसपास भरलं. माती कमी झाली होती जेमतेम ५७ ग्रॅम! इथे थांबा आणि मुलांना विचारा, एवढं लाकूड आलं कुठून? वान हेल्माँटने उत्तर दिलं, पाण्यातून. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याच्या हिशेबात नव्हताच. एवढ्या मोठ्या माणसाचंही उत्तर अर्धवट होतं हे कळलं, की वर्गातली गप्प मुलंही बोलू लागतात.

‘आपण ऑक्सिजन घेतो, झाडं कार्बन डायऑक्साइड घेतात’ हे जोडवाक्य मात्र सोडून द्या. झाडंही रात्रंदिवस श्वसन करतात आणि त्यासाठी त्यांनाही ऑक्सिजन लागतो. उजेडात अन्न तयार करण्याचं काम वेगळं. आपल्या उच्छ्वासातही सुमारे १६ टक्के ऑक्सिजन उरलेला असतोच.

बी रुजत नाही, फूल रंगत नाही

ओल्या कापसावरचं बी कुजलं तर बहुतेक वेळा पाणी जास्त झालेलं असतं. बुडालेल्या बीला हवा मिळत नाही. कापूस दाबल्यावर पाणी गळणार नाही इतपतच ओला हवा. बिया रात्रभर भिजवून घ्या. सोललेली किंवा भरडलेली बी नको. आणि एका मुलाला एकच बी कधीही देऊ नका. ज्याची रुजत नाही ते मूल दिवसभर हिरमुसलेलं असतं. पाच-सहा बिया द्या.

एक वाटी अंधारात ठेवली की हमखास गोंधळ होतो. तिथलं रोप उजेडातल्यापेक्षा उंच निघतं आणि मुलं म्हणतात, अंधारात झाड जास्त वाढतं. प्रयोग फसलेला नाही, घाईने वाटी फेकू नका. रोपाचा रंग बघायला लावा, पानं किती बारकी आहेत ते दाखवा. बीतल्या साठ्यावर ते उजेड शोधत लांब होत गेलंय. आणखी काही दिवस तसंच ठेवा. साठा संपला की ते मान टाकतं, आणि ते मुलांनी स्वतः पाहायला हवं.

रंगीत पाण्यात ठेवलेल्या पांढऱ्या फुलावर रंग चढत नसेल तर देठ पाण्याखाली धरून तिरका कापा (कापायचं काम मोठ्यांचं). हवेत कापल्यावर देठात हवा शिरते आणि पाणी अडतं. रंग गडद ठेवा आणि निकाल दुसऱ्या दिवशी बघा.

प्राणी

‘हालचाल करतो तो सजीव’ एवढंच सांगितलं की ढग सजीव ठरतो आणि बी निर्जीव. मुंगी, मासा, पक्षी, माणूस हे प्राणी आहेत का, असं मुद्दाम विचारा. उत्तरं ऐकून थक्क व्हाल. कोळ्याला कीटक म्हणू नका, त्याला ८ पाय असतात. अन्नसाखळीतला बाण खाल्ल्या जाणाऱ्याकडून खाणाऱ्याकडे जातो, तो उलटा काढला जातोय का ते पाहा.

शरीर

हृदय छातीच्या डाव्या टोकाला नसतं. ते मधोमध, थोडं डावीकडे कललेलं असतं. चित्रातल्या निळ्या शिरांमुळे मुलांना रक्त निळं वाटतं. ते गडद लाल असतं. जिभेचे गोड-खारट-आंबट-कडू असे भाग पाडणारा नकाशा चुकीचा आहे, तो फळ्यावर काढूच नका.

नाडी मोजताना मुलं अंगठा टेकवतात. अंगठ्याला स्वतःचे ठोके जाणवतात आणि आकडे भलतेच येतात. तर्जनी आणि मधलं बोट मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, हलकेच ठेवायला सांगा. तरीही सापडली नाही तर मानेच्या एकाच बाजूला बघा.

मुलांची वजनं वर्गासमोर घेऊन आकडे फळ्यावर लिहिणं तर पूर्ण बंद करा. जाड-बारीक म्हणून चिडवलं गेलेलं मूल त्या धड्यातून दुसरं काहीच शिकत नाही.

धड्याआधी प्रत्येकाला शरीराची नुसती बाह्यरेषा द्या आणि खाल्लेला घास कुठे कुठे जातो ते काढायला सांगा. बरीच मुलं तोंडाखाली एक नळी आणि बेंबीपाशी एक पिशवी काढून थांबतात. हे कागद जपून ठेवा, धडा झाल्यावर कोरी रेषा पुन्हा द्या आणि दोन्ही शेजारी ठेवा. दुसऱ्या चित्रातही जठर बेंबीपाशीच असेल, तर डाव्या बाजूच्या खालच्या फासळ्यांवर हात ठेवायला सांगून पुन्हा तिथूनच सुरुवात करा.