१७-४ पीएच ला हार्डक्रोम करताय? आधी ओव्हन रिकामा आहे का बघा

स्टेनलेसला काय होतंय म्हणत आम्ही १७-४ पीएचचा (उष्णता देऊन कडक करता येणारं स्टेनलेस) एक शाफ्ट बुधवारी संध्याकाळी हार्डक्रोम प्लेटिंगला (करंट लावून क्रोमचा कडक थर चढवायला) टाकला, गुरुवारी लाईट नसते हे माहीत असून. बेकिंग, म्हणजे प्लेटिंगनंतर जॉब (तो भाग) ओव्हनमध्ये तापवणं, झालं शुक्रवारी दुपारी, शनिवारी नट आवळला आणि सोमवारी सकाळी बघतो तर नट आट्यांच्या तुकड्यासकट खाली पडलेला, कुठे वाकलाय वगैरे काही नाही, काचेसारखा कटकन मोडलेला.

झालं काय, तर हार्डक्रोमच्या टाकीत करंटचा जेमतेम १०-२० टक्के भाग क्रोम चढवतो, बाकीचा बराचसा हायड्रोजन काढण्यातच जातो आणि त्यातला थोडा जॉबमध्ये शिरतो. ३०४, ३१६ या नेहमीच्या स्टेनलेसला सहसा फरक पडत नाही, पण १७-४ पीएच एच ९०० मध्ये (उष्णता देऊन सगळ्यात कडक केलेली अवस्था) असेल म्हणजे हार्डनेस रॉकवेल ४० च्या वर, तर तो हायड्रोजन जिथे ताण जास्त तिथे, आट्यांच्या मुळाशी जमतो आणि तडा हळूहळू सरकत जातो, म्हणून आवळताना नाही मोडत, दोन दिवसांनी मोडतो.

तर पहिलं म्हणजे ड्रॉइंगवाल्याला विचारा की एच ९०० लागतंच का. एच ११५० वर भागत असेल तर हार्डनेस ३० च्या आसपास येतो आणि निम्मी डोकेदुखी संपते. नसेल भागत तर साफसफाईला ॲसिडऐवजी ब्लास्टिंग करायला सांगा, करंट लावून धुवायचं असेल तर जॉब प्लसला लावून, आणि आट्यांना टेप.

मग बेकिंग, शिरलेला हायड्रोजन बाहेर काढायला. टाकीतून निघाल्यावर शक्यतो तासाभरात, फार तर ४ तासांत जॉब ओव्हनमध्ये, १९० डिग्रीला. ड्रॉइंगवर तास लिहिलेले असतील तर तेच, आम्ही आता कमीत कमी १२ ठेवतो. आणि तास मोजायचे जॉब तापल्यापासून, स्विच दाबल्यापासून नाही! जाड शाफ्ट असेल तर थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) जॉबलाच बांधा, तापमानाचा चार्ट मागून घ्या, नुसतं 'केलंय हो साहेब' चालत नाही. ग्राइंडिंग बेकिंगनंतरच. एकदा तडा गेला की कितीही भाजा, तो भरत नाही.

एक राहिलंच, शाफ्ट समुद्राच्या पाण्यात जाणार असेल आणि शेजारी झिंकचा ॲनोड (गंज टाळायला जोडलेला झिंकचा तुकडा) असेल तर हायड्रोजन तिथे रोजच तयार होत राहतो, मग इथलं बेकिंग कितीही चोख असू दे, तिथे एच ९०० देऊच नका.