झिगझॅग मशीन बिघडले असे समजण्यापूर्वी: घरच्या शिवणकामात या चुका टाळा

साडीला पिको करणे, ब्लाउजच्या आतल्या कडा बंद करणे, काजे घालणे, गणपतीपूर्वी नवे पडदे आणि मखराची झालर शिवणे ही कामे घरच्या घरी व्हावीत म्हणून कोकणातील अनेक घरांत आता नागमोडी टाकाही घालणारे झिगझॅग मशीन येऊ लागले आहे. मशीन घेताना दुकानात दाखवलेला टाका सुरेख असतो आणि घरी आल्यावर मात्र चार दिवसांत खाली दोऱ्याचा गुंता होतो, सुया तुटतात किंवा एक टाका पडतो आणि दुसरा सुटतो. किनाऱ्यावरच्या गावातून मशीन दुरुस्त करणारा कारागीर गाठायचा तर तालुक्याच्या बाजारपेठेत जावे लागते आणि भर पावसात ते जड मशीन एसटीतून नेणे सोपे नसते. त्यामुळे मशीन कोपऱ्यात झाकून ठेवले जाते आणि न वापरल्याने खरोखरच बिघडते. माझे स्पष्ट मत असे आहे की, घरगुती झिगझॅग मशीनच्या बहुतेक तक्रारी यंत्रातील दोषामुळे नव्हे, तर सुई, दोरा आणि बॉबिन (खालच्या दोऱ्याची छोटी चकरी) चुकीच्या रीतीने बसवल्यामुळे निर्माण होतात आणि त्या घरीच दूर करता येतात.

आई-आजीच्या पिढीचे काळे पायमशीन ज्यांनी वर्षानुवर्षे चालवले, त्यांनाही हे नवे मशीन सुरुवातीला त्रास देते. त्याचे कारण यंत्राच्या रचनेत आहे. साध्या मशीनची सुई एकाच रेषेत खाली-वर होते, त्यामुळे शटलचे, म्हणजे वरच्या दोऱ्याचा खालच्या दोऱ्याशी फास घालणाऱ्या भागाचे, टोक तिला प्रत्येक वेळी एकाच ठिकाणी गाठते. झिगझॅग मशीनची सुई खाली-वर होताना डावीकडे आणि उजवीकडेही सरकते, म्हणून शटलला दोन वेगवेगळ्या ठिकाणी सुईच्या मागे तयार होणारा दोऱ्याचा फास पकडावा लागतो. सुई केसभर खाली बसली, किंचित वाकली किंवा तिची जाडी कापडाला न शोभणारी असली, तर साधे मशीन ते निभावून नेते, झिगझॅग मशीन नेत नाही. फक्त एका बाजूचे टाके सुटत असतील, तर सर्वांत आधी सुईकडेच पाहावे.

सुई

घरगुती झिगझॅग मशीनच्या सुईचा वरचा दांडा एका बाजूने सपाट असतो. बहुतेक मशीनमध्ये ही सपाट बाजू मागे, म्हणजे आपल्या विरुद्ध दिशेला ठेवायची असते आणि दोरा पुढून मागे ओवायचा असतो. जुन्या काळ्या मशीनमध्ये हीच बाजू आडवी, कडेला येते. त्या सवयीने सुई बसवली की टाका पडतच नाही. सुई वर ढकलताना ती अडेपर्यंत नीट आत जाऊ द्यावी आणि मगच स्क्रू घट्ट करावा. बाजारात कारखान्यातील मशीनसाठी गोल दांड्याच्या सुयाही मिळतात. त्या घरच्या मशीनमध्ये कशाबशा बसतात, पण त्या वापरू नयेत.

सुईचा क्रमांक कापडावरून ठरतो. जॉर्जेट किंवा तलम रेशमासाठी ९, साडी आणि पातळ सुती कापडासाठी ११, ब्लाउजपीस व चादरीसाठी १४, पडदे आणि जीन्ससाठी १६, असा साधा हिशेब पुरतो. होजिअरीच्या कापडाला गोल टोकाची वेगळी सुई लागते. साध्या सुईने टी-शर्ट शिवताना जे टाके सुटतात, ते टेन्शन, म्हणजे वरच्या दोऱ्याचा ताण ठरवणारी डायल, कितीही फिरवले तरी थांबत नाहीत. साधारण ८ ते १० तासांच्या शिवणकामानंतर सुई बदलावी. किनाऱ्यालगतच्या घरात तर मशीनमध्ये लावून ठेवलेली सुई पावसाळ्यात न वापरताही गंजते. गंजलेली सुई तलम कापडाचे धागे ओढते आणि साडीचे नुकसान सुईच्या किमतीपेक्षा कितीतरी मोठे असते.

खालचा गुंता वरच्या दोऱ्यामुळे होतो

ही एक गोष्ट लक्षात ठेवली, तरी अर्ध्या अडचणी सुटतील. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचे जाळे झाले की प्रत्येक जण बॉबिन काढतो, बॉबिन ठेवायच्या डबीचा, म्हणजे बॉबिन केसचा, स्क्रू पिळतो आणि आधी ठीक असलेली जागाही बिघडवतो. प्रत्यक्षात कापडाखाली सैल पडलेला दोरा हा वरचा दोरा असतो. त्याला पुरेसा ताण मिळत नाही, म्हणून शटल त्याला हवा तेवढा खाली ओढते आणि तो वर परत खेचला जात नाही.

ताण न मिळण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे फूट (कापड दाबून धरणारा मशीनचा पाय) खाली ठेवून दोरा ओवणे. टेन्शनच्या दोन चकत्या फूट वर असताना उघड्या असतात आणि फूट खाली येताच मिटतात. फूट खाली असताना ओवलेला दोरा त्या चकत्यांच्या मध्ये जात नाही, कडेवरूनच निघून जातो. मग डायल ३ वर ठेवा किंवा ८ वर, फरक काहीच पडत नाही. म्हणून फूट वर करावे, उजवीकडचे चाक स्वतःच्या दिशेने फिरवून दोरा उचलणारी पट्टी, म्हणजे टेक-अप लिव्हर, सर्वांत वर आणावी आणि रिळापासून सुईपर्यंत प्रत्येक आकड्यातून दोरा सावकाश ओवावा. नंतर दोन सोप्या खुणा पाहाव्यात: फूट वर असताना दोरा ओढला तर तो सहज सरकला पाहिजे, आणि फूट खाली केल्यावर ओढताना स्पष्ट अडकाव जाणवला पाहिजे. दोन्ही वेळा दोरा सारखाच सैल येत असेल, तर तो चकत्यांत गेलेला नाही. टेक-अप लिव्हरच्या छिद्रातून किंवा खाचेतून दोरा निसटला असेल, तर गुंता पहिल्या दोन-तीन टाक्यांतच होतो.

ओवणे बिनचूक असूनही गुंता फक्त टिपेच्या सुरुवातीलाच होत असेल, तर दोऱ्याची टोके आखूड राहिली आहेत. वरचा आणि खालचा असे दोन्ही दोरे सुमारे १० सेंटिमीटर फुटाखालून मागे काढावेत आणि पहिले तीन-चार टाके पडेपर्यंत हाताने धरून ठेवावेत. चाक नेहमी स्वतःच्या दिशेनेच फिरवावे. उलट फिरवल्यास शटलमध्ये दोरा अडकतो आणि मग ते उघडून साफ केल्याशिवाय काम पुढे सरकत नाही.

बॉबिन

बॉबिन भरताना दोरा त्याच्या छोट्या ताणपट्टीतून न्यावा, नाहीतर तो ढिला आणि वेडावाकडा गुंडाळला जातो व शिवताना टाका कधी घट्ट, कधी सैल पडतो. काठोकाठ भरलेले बॉबिन केसमध्ये घासते. बॉबिन भरण्यासाठी चाकाच्या मधली चकती सैल करावी लागते अशी मशीनही पुष्कळ आहेत. भरून झाल्यावर ती पुन्हा आवळण्याचे राहून गेले, तर मोटर फिरते, चाक फिरते आणि सुई मात्र जागेवरून हलत नाही. तेवढ्यावरून मोटर जळाली असे समजू नये.

समोरून बसणाऱ्या बॉबिन केसमध्ये दोरा ओढल्यावर बॉबिन बहुधा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते, तर वरून टाकायच्या बॉबिनमध्ये बहुधा उलट्या. आपल्या मशीनच्या पुस्तिकेतील चित्र पाहून खात्री करावी. धातूच्या केसचा ताण तपासायचा असेल, तर भरलेल्या बॉबिनसह केस दोऱ्याला लटकवून हाताला हलका झटका द्यावा: ते थोडे खाली सरकून थांबले तर ताण योग्य, सरसर खाली गेले तर सैल आणि हललेच नाही तर फार घट्ट. स्क्रूला हात लावण्याआधी केसच्या पातळ पट्टीखाली साचलेला कापसाचा बुरा जाड कागदाच्या कडेने काढावा. बुऱ्यामुळे पट्टी उचललेली राहते आणि ताण जातो. स्क्रू फिरवावाच लागला, तर एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये.

टाका निवडताना

सुई कापडात असताना टाक्याची रुंदी किंवा नमुना बदलणे ही सुया तुटण्यामागची मोठी चूक आहे. डायल फिरताच सुई बाजूला सरकू पाहते, कापडाने ती धरलेली असते, म्हणून ती वाकते आणि पुढच्या टाक्याला सुईखालच्या धातूच्या प्लेटवर आपटते. आधी सुई वर, मगच डायल. सरळ टिपेसाठी असलेले अरुंद छिद्राचे फूट लावलेले असताना झिगझॅग निवडले, तर सुई थेट फुटावर बसते. म्हणून नमुना बदलल्यावर पहिली फेरी पायडलने न मारता चाक हाताने फिरवून पाहावी.

झिगझॅगसाठी वरचे टेन्शन सरळ टिपेपेक्षा थोडे कमी लागते. वरचा दोरा कोपऱ्याकोपऱ्याला खालच्या बाजूला किंचित दिसला तर टाका चांगला समजावा. खालचा दोरा वर येऊन ठिपक्यांसारखा दिसत असेल, तर टेन्शन जास्त आहे. कापडाची कडा बंद करताना सुईची उजवी झेप कडेच्या जरा बाहेर पडली पाहिजे. आतच पडली तर धागे सुटत राहतात. मात्र पातळ कापडावर रुंद टाका घातला की कडा गुंडाळून तिची दोरी होते. अशा वेळी रुंदी कमी करावी, वरचा ताण उतरवावा आणि तरीही कडा आवळली, तर खाली पातळ कागद घेऊन शिवावे व तो नंतर फाडून काढावा. साडीच्या पिकोसाठी लांबी १ मिलिमीटरच्या आसपास ठेवून आधी त्याच साडीच्या ब्लाउजपीसच्या कडेवर पाहावे. लांबी फारच कमी केली, तर टाके एकावर एक साचतात, कापड पुढे सरकत नाही आणि त्याच जागी भोक पडते. काजे घालताना कापडाखाली बक्रमची (ताठ कापडाची) पट्टी नसेल, तर काजे लहरी होतातच.

कापड सरकत नाही अशी तक्रार असेल, तर रफू किंवा भरतकामासाठी खाली केलेले फीडचे, म्हणजे कापड पुढे सरकवणारे, दाते पुन्हा वर आणले आहेत का हेही पाहावे. कापड मागून ओढण्याचा मोह टाळावा, कारण त्यानेच सुई वाकते.

खारा आणि दमट वारा

मशीनबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत समुद्रकाठच्या घरांचा स्वतंत्र विचार सहसा नसतो. मालवण, गुहागर, देवगड किंवा वेंगुर्ले येथील वाऱ्यात मीठ असते आणि जून ते सप्टेंबर हवा ओलीच राहते. शटल, बॉबिन केस, सुईचा दांडा आणि प्लेटच्या खालचा भाग या जागांवर गंज सर्वांत आधी चढतो, कारण तिथे साचलेला कापसाचा बुरा ओल धरून ठेवतो. म्हणून पावसाळ्यात आठवड्यातून एकदा प्लग काढून, प्लेट उघडून, बुरा ब्रशने बाहेर काढावा आणि मशीन दहा मिनिटे तरी चालवावे. फुंकर मारू नये. श्वासातील ओल आत जाते आणि बुरा आणखी खोल बसतो.

तेलाबाबत आग्रहाने सांगावेसे वाटते की, खोबरेल तेल मशीनमध्ये कधीही घालू नये. कोकणात ते हाताशी असते, शुद्ध असते, म्हणून कुणीतरी प्रेमाने दोन थेंब सोडते. ते सुमारे २४ अंश सेल्सिअसखाली गोठू लागते, आणि थंडीच्या सकाळी बाटलीत गोठलेले खोबरेल आपण सर्वांनीच पाहिले आहे. मशीनमध्ये ते कालांतराने चिकट होते, त्यात बुरा मिसळतो आणि चाक जड फिरू लागते. शिलाई मशीनचे पातळ, रंगहीन तेलच वापरावे. ते धातूच्या शटलमध्ये एक थेंब आणि पुस्तिकेत दाखवलेल्या इतर जागी तेवढेच घालून जुन्या चिंधीवर टीप मारावी, म्हणजे जादा तेल त्यात निघून जाते. वरून बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या बॉबिन केसमध्ये मात्र तेल घालू नये.

पावसाळ्यात मशीन प्लॅस्टिकने घट्ट गुंडाळून ठेवणे हीदेखील चूकच, कारण आत अडकलेली ओल बाहेर पडत नाही. सुती आच्छादन घालावे, खिडकीपासून दूर ठेवावे आणि सुया, बॉबिन व केस सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत. जुनी सुती रिळे ओलीने कमकुवत होतात. दोरा हाताने ओढल्यावर सहज तुटत असेल, तर मशीनमध्येही तुटणारच, आणि या हवेत पॉलिएस्टर दोरा अधिक टिकतो. खंडेनवमीला मशीनची पूजा अवश्य करावी, पण हळदकुंकू आणि पाणी सुईच्या प्लेटवर न वाहता वरच्या बाजूला वाहावे आणि दुसऱ्या दिवशी कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे.

जागा आणि वीज

मशीन डुगडुगत असेल तर झिगझॅग टाका एकसारखा पडत नाही, कारण सुईच्या आडव्या हालचालीने हलके टेबलही हलते. खडबडीत जमिनीवर टेबलाच्या पायांखाली रबराचे तुकडे द्यावेत. वीज ये-जा करत असेल किंवा गडगडाट सुरू असेल, तर नुसते बटण बंद न करता प्लग काढावा. व्होल्टेज कमी असताना जाड पडद्याचे चार पदर शिवू नयेत, कारण मोटर घुमते, सुई अडते आणि पायडल तापते. अशा जागी चाक हाताने फिरवून दोन टाके पार करावेत.

हे सर्व करूनही नवीन सुईने, योग्य दोऱ्याने आणि मध्यम जाडीच्या सुती कापडावर टाके सुटतच असतील, सुई प्लेटच्या छिद्राच्या कडेला घासत असेल किंवा मोटरला जळका वास येत असेल, तर शटल आणि सुईचा मेळ बिघडला आहे किंवा विद्युत दोष आहे, आणि ते काम कारागिराचेच आहे. त्याच्याकडे जाताना बॉबिन केस आणि पायडल मशीनबरोबर न्यावे, वापरलेली सुई मशीनमध्येच राहू द्यावी आणि सरळ टीप व झिगझॅग या दोन्हींचे बिघडलेले टाके पडलेली चिंधी सोबत ठेवावी. दोन्हींत दोष आहे की फक्त एकात, हे त्या चिंधीवरून त्याला लगेच कळते.